पोपटाला किती औषध द्यायचं, हे डॉक्टर कुठून शिकतात?

ताप आला की आपण पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहज घेतो. तेवढी एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरेशी आहे. माणसाचं यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतं आणि ते लघवीवाटे बाहेर काढतं. हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचा जनुक सगळ्या मार्जारकुळात निकामी झालेला आहे. त्यामुळे मांजरीत औषध दुसऱ्या वाटेला लागतं, त्यातून विषारी घटक तयार होतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं उरत नाही. गुलाबी हिरड्या तपकिरी दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच.

मांजरीबद्दल हे पक्कं माहीत आहे, कारण मांजरं भरपूर आहेत, दवाखान्यात येतात आणि त्यांच्यावर अभ्यास झाले आहेत. आता हाच प्रश्न बजरी या छोट्या पोपटाबद्दल विचारा, इग्वाना या मोठ्या सरड्याबद्दल विचारा, कासवाबद्दल विचारा. कुत्रा आणि मांजर सोडून घरात पाळल्या जाणाऱ्या बाकीच्या प्राण्यांना पशुवैद्यकात ‘एक्झॉटिक’ म्हणतात. या गटात ससाही येतो आणि अजगरही. त्यांच्याबाबतीत पक्की माहिती थोडी आणि अनुमान जास्त, अशी स्थिती आहे. हे अनुमान जबाबदारीनं कसं करायचं, हे व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, शिकवावं लागतं. आणि ते बरोबर होतं की चूक, हे संशोधनातून शोधावं लागतं.

अनुमान चुकलं तर काय होतं, याची उदाहरणं भरपूर आहेत. अमॉक्सिसिलिन हे माणसांच्या मुलांनाही दिलं जाणारं अँटिबायोटिक. सशाला ते तोंडावाटे दिलं तर तो मरू शकतो. सशाचं पचन आतड्याच्या शेवटच्या भागातल्या जिवाणूंवर चालतं. हे औषध त्यातले उपयोगी जिवाणू मारतं, मोकळ्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष सशाला संपवतं. गंमत म्हणजे त्याच कुळातलं पेनिसिलिन इंजेक्शनानं दिलं तर सशाच्या काही आजारांत ते चांगलं काम करतं. औषध एकाच कुळातलं, पण ते शरीरात कुठल्या दारानं जातं यावर सगळं ठरतं.

गिनीपिगलाही पेनिसिलिन असंच घातक ठरतं. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटानं पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी घेतली ती ८ उंदरांवर. सगळ्यांना जीवघेणा जंतुसंसर्ग करून चौघांना औषध दिलं. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते, औषध दिलेले जिवंत होते. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर पेनिसिलिन हे विष आहे असाच निष्कर्ष निघण्याची शक्यता होती.

आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध असंख्य प्राण्यांत चालतं, पण कासवांना चालत नाही. कुत्र्यांना चालतं, पण कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींच्या बऱ्याच कुत्र्यांना जास्त मात्रेत चालत नाही. मेंदूत शिरू पाहणारी औषधं बाहेर ढकलणारा एक प्रथिनाचा पंप असतो. या कुत्र्यांत त्या पंपाचा जनुक बिघडलेला असतो, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅट्रिना मीली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं. त्याआधी व्हेट मंडळींना फक्त इतकंच ठाऊक होतं की कॉलीला हे औषध जपून द्यायचं. कारण ठाऊक नव्हतं, पण सावधगिरी बरोबर होती.

मग वजनाच्या हिशोबानं मात्रा कमी-जास्त केली तर? सर्वसामान्य माणसाला हेच सुचतं. १९६२ साली ओक्लाहोमा सिटीमध्ये टस्को नावाच्या हत्तीवर एलएसडी या भ्रम घडवणाऱ्या द्रव्याचा प्रयोग झाला. मांजरींना किलोमागे जेवढी मात्रा सोसते, ती हत्तीच्या वजनाला गुणून २९७ मिलिग्रॅम टोचले. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि सुमारे १ तास ४० मिनिटांनी मेला. मधल्या वेळात झटके थांबवायला दुसरी औषधंही दिली होती, त्यामुळे नेमका कशानं मेला यावर वाद आहे. पण हिशोबाची पद्धत चुकीची होती, यावर वाद नाही. शरीर जितकं मोठं तितकं किलोमागे चयापचय संथ. वजन दुप्पट झालं तरी चयापचय दुप्पट होत नाही, साधारण वजनाच्या ०.७५ घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लहान प्राण्याला किलोमागे जास्त औषध लागतं आणि मोठ्याला कमी.

हे सूत्रही सगळीकडे लागू पडत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. त्याच सापाला २५ अंशांवर आणि ३७ अंशांवर तेच अँटिबायोटिक दिलं, तर ते शरीरात पसरण्याचा आणि बाहेर पडण्याचा वेग वेगळा असतो. म्हणजे सापाच्या औषधाच्या चिठ्ठीवर मात्रेबरोबर पिंजऱ्याचं तापमानही लिहायला हवं, आणि चांगले व्हेट ते लिहितात.

खात्रीची मात्रा ठरवायची तर औषध दिल्यावर ठरावीक अंतरानं रक्त घेऊन त्यात औषध किती उरलंय ते मोजावं लागतं. असे आठ-दहा नमुने मिळाले की औषध चढण्या-उतरण्याचा आलेख तयार होतो. कुत्र्यात हे अवघड नाही. बजरीचा हिशोब करून पाहा. तिचं वजन साधारण ३५ ग्रॅम. निरोगी पक्ष्याचं एका वेळी शरीराच्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंत रक्त घेता येतं, असा नियम. म्हणजे ०.३५ मिलिलिटर, सात-आठ थेंब. त्यात एक नमुना कसाबसा निघतो. आजारी पक्ष्याचं तर तेवढंही घेववत नाही. मग संशोधक वेगळी युक्ती करतात. बरेच पक्षी घ्यायचे, प्रत्येकाचं वेगवेगळ्या वेळी एकदाच रक्त घ्यायचं, आणि सगळे ठिपके एका आलेखावर मांडून अख्ख्या गटाचा अंदाज काढायचा. यातून सरासरी कळते, पण पक्ष्यापक्ष्यांत किती फरक पडतो हे धूसरच राहतं. आणि हे झालं एका औषधाचं एका जातीत. पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या जाती शेकड्यांत आहेत. औषध कंपनीला इतक्या लहान बाजारासाठी प्रत्येक जातीवर चाचण्या करून परवाना घेणं परवडत नाही. त्यामुळे एक्झॉटिक प्राण्यांना दिली जाणारी बहुतेक औषधं मुळात त्यांच्यासाठी मंजूरच झालेली नसतात. माणसाची किंवा कुत्र्याची औषधं डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वापरतात.

एवढी तयारी विद्यार्थ्याची कधी होते? खरं सांगायचं तर मूळ पदवीत पुरेशी होत नाही. पशुवैद्यकाचं पहिलं आधुनिक महाविद्यालय १७६१ साली फ्रान्समधल्या लियाँ इथं क्लोद बूर्जला यांनी स्थापलं. ते स्वतः घोडेस्वारीची शाळा चालवत. त्या काळची गरज होती घोडे आणि गुरं, कारण गुरांच्या साथीनं गावंच्या गावं उद्ध्वस्त व्हायची. अभ्यासक्रमाचा सांगाडा त्या गरजेतून उभा राहिला. विसाव्या शतकात मोटारी आणि ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले, आणि कुत्री-मांजरं दवाखान्याच्या केंद्रस्थानी आली. पक्षी, ससे, सरपटणारे प्राणी यांच्या वाट्याला आजही बहुतेक ठिकाणी थोडे तास किंवा ऐच्छिक विषय येतो. पाच-सहा वर्षांत गायीपासून कोंबडीपर्यंत सगळं शिकायचं असतं, त्यामुळे याला कॉलेजचा दोष म्हणणंही फार बरोबर नाही. पुढं ज्याला यातच काम करायचं असतं तो इंटर्नशिप करतो, मग साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी, शोधनिबंध आणि कठीण परीक्षा. एवढं करून तज्ज्ञ झालेले डॉक्टर जगात कुठंच मुबलक नाहीत.

या शिक्षणात नेमकं काय शिकवतात, ते पक्ष्याच्या उदाहरणावरून पाहू. पहिला धडा पक्षी हातात धरण्याचा. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत-बाहेर होते. घाबरलेला पक्षी सुटू नये म्हणून छातीभोवती मूठ आवळली, की तो हातातच गुदमरून मरतो, नाक-तोंड मोकळं असूनसुद्धा. म्हणून टॉवेलात सैल गुंडाळायचं, डोकं जबड्याच्या दोन्ही बाजूंनी धरायचं आणि छाती पूर्ण मोकळी ठेवायची. दुसरा धडा हाडांचा. जनावर फार खचलेलं असेल आणि शीर सापडत नसेल, तर सलाइन हाडात देता येतं. पण पक्ष्याच्या दंडाचं हाड हवेच्या पिशव्यांना जोडलेलं पोकळ असतं. तिथं सलाइन सोडणं म्हणजे पक्ष्याला आतून बुडवणं. त्यासाठी पंखातलं पुढचं हाड किंवा पायाचं हाड निवडायचं, तेही नेमकं कुठलं ते ठाऊक पाहिजे. तिसरा धडा इंजेक्शनाचा. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत पायांकडून येणारं रक्त हृदयाकडं जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं, म्हणून पक्ष्याला छातीच्या स्नायूत आणि सरड्याला शरीराच्या पुढच्या भागात टोचायचं, असं शिकवतात. नंतर काही जातींत आणि काही औषधांबाबत तपासलं, तेव्हा हा धोका वाटला होता तितका मोठा निघाला नाही. तरी मूत्रपिंडाला त्रासदायक औषध असेल तर सवय तीच ठेवलेली बरी, असं मला वाटतं.

शिकणाऱ्याला काही गोष्टी विसरायलाही लागतात. भूल देण्याआधी कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. सशाला उलटी करताच येत नाही, आणि उपाशी ठेवलं तर त्याचं आतडं मंदावतं. म्हणून सशाला ऑपरेशनच्या आधीपर्यंत खाऊ देतात. कुत्र्यावर शिकलेला डॉक्टर इथं सवयीनं चुकू शकतो.

सरपटणाऱ्यांच्या बाबतीत तर तपासणी प्राण्यापासून सुरूच होत नाही. जबडा मऊ पडलेला, पाय वाकलेले, थरथरणारा इग्वाना आला की अनुभवी व्हेट आधी विचारतो: दिवा कुठला, किती जुना, प्राण्यापासून किती अंतरावर, मध्ये काच आहे का? कॅल्शियम अंगी लागायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि बरेच सरडे ते त्वचेत यूव्हीबी किरणांच्या मदतीनं बनवतात. खिडकीची काच हे किरण अडवते. दिवा जुना झाला की त्याचे यूव्हीबी किरण घटतात, पण उजेड तसाच पडतो, म्हणून पाळणाऱ्याला वाटतं दिवा चालू आहे. या इग्वानाचा आजार पिंजऱ्यात असतो.

आता संशोधनाकडे. डॉक्टरांच्या हाताशी औषधमात्रांची जाडजूड पुस्तिका असते. त्यात प्रत्येक जातीपुढं मात्रा असते आणि काही ठिकाणी ती कशाच्या आधारावर आहे तेही. कुठं रक्तातलं औषध मोजून काढलेली, कुठं दुसऱ्या जातीवरून ओढलेली, कुठं निव्वळ ‘अनुभवानं’. एकाच पानावरचे हे तीन आकडे सारख्याच टायपात छापलेले असतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. वेदनाशामक मेलॉक्सिकॅमचं पाहा. कुत्र्यात रोजची मात्रा किलोला ०.१ मिलिग्रॅम. हिस्पानिओलन अ‍ॅमेझॉन पोपटांवर २००९ साली अभ्यास छापला गेला. पोपट ज्या दांडीवर बसतो तिथंच, दुखऱ्या पायावर तो किती भार टाकतो ते मोजण्याची सोय केली होती. चार मात्रा तपासल्या. कुत्र्याच्या मापाच्या मात्रेनं पोपट दुखरा पाय टेकेना. किलोला १ मिलिग्रॅम दिल्यावर टेकायला लागला. दहापट. या अभ्यासाआधी कित्येक पोपटांना औषध मिळालं असेल आणि दुखणं तसंच राहिलं असेल. (घरी कुणी हा आकडा वापरू नये. एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीला लागत नाही, हेच तर सांगतोय.) आणि वेदनाशामक आहे म्हणून कुठलंही चालत नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं दक्षिण आशियातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, हे २००४ साली सिद्ध झालं. त्याला पर्याय म्हणून सुरक्षित ठरलं ते मेलॉक्सिकॅम.

दांडीवर भार मोजण्याचा एवढा खटाटोप कशाला, मालकालाच विचारलं तर? त्याचंही उत्तर अभ्यासातूनच आलं. २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात सांधेदुखीच्या कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो दिला होता. पायाचा भार यंत्रानं मोजला तर सुधारणा नव्हती. तरीही जवळपास ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. डॉक्टरांचीही तीच गत, किंबहुना थोडी जास्तच. माणसाच्या औषधचाचणीत प्लासिबोचा परिणाम रोग्यावर होतो. इथं तो बघणाऱ्यावर होतो. म्हणून चांगल्या चाचणीत कुणाला खरं औषध आणि कुणाला प्लासिबो, हे मालक आणि डॉक्टर दोघांपासून लपवतात. अमुक तेलानं माझा कुत्रा पळायला लागला, असं कुणी मनापासून सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. पण तो पुरावाही नसतो.

कधीकधी चाचणीची गरज नसते, नुसतं नीट मोजलं तरी पुरतं. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतल्या भुलीच्या नोंदी एकत्र केल्या. भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के निघाले. म्हणजे साधारण ७२ सशांमागे १. पण मला त्यातला खरा महत्त्वाचा आकडा दुसराच वाटतो. मांजरं आणि ससे यांचे निम्म्याहून जास्त मृत्यू ऑपरेशन चालू असताना झालेच नव्हते. टेबलावरून उतरवून पिंजऱ्यात ठेवल्यावर, बहुतेक पहिल्या तीन तासांत झाले होते. सगळ्यांचं लक्ष ऑपरेशनकडे, आणि धोका मात्र सगळे हात धुऊन बाहेर गेल्यावरचा. यानंतर भूल उतरताना ऊब देणं, श्वास आणि नाडी पाहत राहणं यावर भर वाढला. सशाला भूल द्यायची असेल तर डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, की नंतरचे तीन तास त्याच्याजवळ कोण असेल?

मांजरीच्या इतिहासातला सगळ्यात थरारक अध्याय अगदी अलीकडचा आहे. एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस. मांजरांत एक साधा कोरोना विषाणू असतो, बहुतेकांना त्याचा फारसा त्रास होत नाही. काही मांजरींत, बहुधा पिल्लांत, तो बदलतो आणि पोटात पाणी, ताप, कधी मेंदूपर्यंत पसरणारा आजार होतो. वर्णन १९६३ पासूनचं, आणि निदान झालं की मृत्यू जवळजवळ ठरलेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांनी आयुष्यातली कित्येक दशकं या रोगावर घालवली. २०१९ साली त्यांच्या गटानं जीएस-४४१५२४ या विषाणूरोधक औषधाचे निष्कर्ष छापले. प्रयोगशाळेत मुद्दाम आजारी पाडलेली मांजरं यात नव्हती. आपोआप आजारी पडलेल्या, लोकांच्या घरातल्या ३१ मांजरी होत्या. रोज कातडीखाली इंजेक्शन, किमान १२ आठवडे. पाच मांजरी वाचल्या नाहीत, त्यातल्या चार तर पहिल्या काही दिवसांतच गेल्या. उरलेल्या २६ जणींनी उपचार पूर्ण केले, काहींना आजार उलटल्यावर पुन्हा औषध द्यावं लागलं, आणि अखेर २५ दीर्घकाळ जगल्या. इथं प्लासिबोचा गट नव्हता. जो रोग जवळपास सगळ्यांना मारतो, त्यात अर्ध्या मांजरींना खोटी गोळी देऊन बघत बसणं कुणाला मान्य होईल? तुलना आधीच्या दशकांतल्या मृत्यूंशीच करायची होती.

औषध गुणकारी ठरलं, पण बाजारात परवानगीनं मिळेना. मग जगभरचे हवालदिल मालक इंटरनेटवरून बिगरपरवाना कुप्या मागवून घरी इंजेक्शनं द्यायला लागले. कुपीत नेमकं किती औषध आहे याची खात्री नाही, डॉक्टरांना कायद्यानं मदत करता येईना. अधिकृत वाट ब्रिटनमध्ये २०२१ साली आणि अमेरिकेत २०२४ साली खुली झाली. त्याच २०२४ मध्ये म्युनिकच्या गटानं, पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरींवर तोंडावाटे औषध देऊन ८४ दिवसांऐवजी ४२ दिवस पुरतात का ते तपासलं. पुरले. खर्च आणि मांजरीचा त्रास दोन्ही अर्धे झाले. हे तपासायलाही मालकांनी आपापली मांजरं अभ्यासात आणलीच ना.

अशा अभ्यासात सहभागी व्हायचं म्हणजे प्राणी ‘प्रयोगाला’ देणं, ही समजूत चुकीची आहे. लेखी संमती असते, नैतिक समितीची मंजुरी असते, कधीही बाहेर पडता येतं, आणि वेदनाशामकाच्या चाचणीत प्राण्याला दुखतंय असं दिसलं तर लगेच ठाऊक असलेलं औषध देतात. दुखतंय हे ओळखण्याचं साधनही संशोधनातूनच आलं आहे. २०१९ साली माँट्रियल विद्यापीठातल्या गटानं मांजरीच्या चेहऱ्याची मोजपट्टी तयार केली. कान, डोळे, नाका-तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, या पाच गोष्टींना ०, १ किंवा २ गुण द्यायचे. बेरीज १० पैकी ४ किंवा जास्त आली तर वेदनाशामकाचा विचार करायचा. सशासाठी अशी पट्टी २०१२ पासून आहे. ससा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यात पटाईत, त्यामुळे त्याच्यासाठी ती आणखी मोलाची.

घरी बसून करण्यासारखंही थोडं आहे. लहान प्राण्याचं वजन ठरलेल्या वारी ग्रॅममध्ये मोजून लिहून ठेवा. पिसांच्या फुगाऱ्यात पक्षी वाळलेला दिसत नाही, काट्यावर दिसतो. दवाखान्यात जाताना पिंजऱ्याचे, दिव्याचे आणि खाण्याचे फोटो न्या. औषध लिहून दिलं की मात्रा कशाच्या आधारावर आहे ते विचारा. चांगला डॉक्टर ‘या जातीत अभ्यास नाही, जवळच्या जातीवरून देतोय, अमुक लक्षण दिसलं तर थांबवा’ असं सरळ सांगेल, आणि तसं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

शेवटची गोष्ट अवघड आहे. प्राणी गेला तर शवविच्छेदनाला हो म्हणता आलं तर म्हणा. एक्झॉटिक प्राण्यांच्या आजारांबद्दलचं कितीतरी ज्ञान अशा तपासण्यांतूनच आलं आहे, आणि घरात त्याच पिंजऱ्यातला दुसरा पक्षी असेल तर त्यालाही त्याचा उपयोग होतो. त्यासाठी शरीर लवकरात लवकर थंड करावं लागतं, लहान प्राण्याचं फार झपाट्यानं खराब होतं. ते पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की पेशींत बर्फाचे कण होतात, पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मग फारसं काही वाचता येत नाही.